नॉर्वेत फोटो काढून घेण्यासाठी आणि काढण्यासाठी लागणारी नॉर्वेजियन वाक्ये

नॉर्वेत जाणाऱ्या माणसाला इंग्रजीवर निभावता येते, हे अगदी खरे आहे. ओस्लोतला दुकानदार, बर्गनमधला बसचालक, उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरचा मासेमार यांपैकी बहुतेक जण इंग्रजी सहज बोलतात. तरीही अनोळखी माणसाच्या हातात आपला फोन देताना किंवा अनोळखी माणसाचा फोटो काढण्याची परवानगी मागताना पहिली दोन वाक्ये त्याच्या भाषेत उच्चारली, तर समोरचा माणूस थांबतो, हसतो आणि मनापासून मदत करतो, असा माझा अनुभव आहे. मात्र बहुतेक प्रवासी फक्त प्रश्न पाठ करतात आणि त्यावर येणारे उत्तर त्यांना कळत नाही. म्हणून या लेखात प्रश्नांइतकेच लक्ष उत्तरांकडे, सूचनांकडे आणि कड्याच्या टोकावर ऐकू येणाऱ्या इशाऱ्यांकडे दिले आहे.

१. आधी उच्चार पक्के करा

खालची सर्व वाक्ये देवनागरीत दिली आहेत आणि उच्चार ओस्लोच्या बाजूचे आहेत. मराठी माणसाला या भाषेत एक मोठी सोय आहे. नॉर्वेजियनमधला साधा 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य असतो, आणि पूर्व नॉर्वेत 'र'नंतर त, द, न, ल, स आले की त्यांचे मूर्धन्य उच्चार होतात, म्हणजे आपले ट, ड, ण, ळ, ष. इंग्रजी बोलणाऱ्यांना ज्यासाठी बराच सराव करावा लागतो, ते आपल्या तोंडात आधीच बसलेले आहे. तसेच 'बॅट'मधला 'ॲ' हा स्वर त्यांच्याकडे फार येतो, आणि तो लिहायला आपल्याकडे स्वतंत्र चिन्हही आहे.

अडचण दोन स्वरांची येते. 'दू' म्हणजे 'तू' या शब्दातला 'ऊ' हा आपल्या 'ऊ'पेक्षा पुढे, ओठ गोल ठेवून 'ई'च्या जवळ उच्चारला जातो. तो नेमका नाही जमला तरी अर्थ कळतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. शब्दाच्या शेवटी येणारा 'ए' मात्र हलका ठेवावा. 'बिल्दे' म्हणजे फोटो, आणि त्यातला शेवटचा स्वर जवळजवळ 'अ'सारखा ऐकू येतो. हा शब्द अर्धवट तोडू नये आणि त्यातला 'इ' लांबवू नये, कारण 'बील' म्हणजे मोटार.

२. सोबत काय ठेवावे

- कॅमेरा उघडून, कुलूप काढून तयार ठेवलेला फोन. तुमचा पासवर्ड टाकून होईपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे.
- फोनला मनगटात अडकवायची दोरी, विशेषतः कड्यांवर आणि बोटीवर.
- थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून पॉवर बँक, आणि तीही आतल्या खिशात.
- बोटे न काढता पडदा चालवता येईल असे हातमोजे.
- काच पुसायला मऊ फडके. बर्गन परिसरात पाऊस कधीही येतो आणि भिजलेल्या काचेतून आलेला फोटो धूसरच येतो.
- भाषांतराच्या ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवलेली नॉर्वेजियन भाषा, कारण डोंगरात आणि बोगद्यांत नेटवर्क मिळेलच असे नाही.
- पाच-सहा वाक्ये लिहिलेला छोटा कागद.

३. हाक कशी मारावी

सुरुवात 'हॅय' किंवा 'उन्शुल' या शब्दाने करावी. 'हॅय' हे साधे अभिवादन आहे, तर 'उन्शुल' म्हणजे 'माफ करा', आणि लक्ष वेधून घेण्यासाठी तोच वापरतात. खांद्याला हात लावून किंवा मागून टाळी वाजवून कुणाचे लक्ष वेधू नये. नॉर्वेजियन माणूस अनोळखी व्यक्तीपासून थोडे अंतर राखून उभा राहतो आणि तुम्हीही तेवढे अंतर ठेवावे, हे त्याला आवडते.

शहरात रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला कोणी सहसा नमस्कार करत नाही, पण डोंगरवाटेवर समोरून येणारा प्रत्येक जण 'हॅय' किंवा 'हॅय हॅय' म्हणतो. त्यामुळे वाटेवर फोटोची विनंती करणे शहरापेक्षा कितीतरी सोपे जाते.

आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न मराठी माणसाला हमखास पडतो. आजच्या नॉर्वेत सर्वांना 'दू', म्हणजे 'तू', असेच म्हणतात. पांढऱ्या केसांच्या आजींनाही आणि दुकानाच्या मालकालाही. आपल्याला ते उद्धट वाटले तरी त्यांना तसे वाटत नाही. 'देरे' हा शब्द मात्र एकाहून अधिक माणसांसाठी वापरावा.

'प्लीज'साठी एकच नेमका शब्द त्यांच्याकडे नाही. नम्रता 'कान दू' म्हणजे 'करशील का' या रचनेत येते आणि उरलेले काम 'ताक' म्हणजे 'धन्यवाद' हा शब्द करतो. शब्दकोशात सापडणारा 'वॅर सो स्निल' हा प्रयोग या जागी काकुळतीचा वाटतो, म्हणून तो टाळावा.

४. स्वतःचा फोटो काढून मागणे

मूळ वाक्य हे आहे: 'कान दू ता एत बिल्दे आव मॅय?' म्हणजे 'माझा एक फोटो काढशील का?' दोघे किंवा अधिक असाल, तर 'कान दू ता एत बिल्दे आव ओस?' म्हणजे 'आमचा एक फोटो काढशील का?' याहून अधिक विनम्र रूप हवे असेल, तर 'कुन्ने दू तात एत बिल्दे आव ओस?' असे विचारावे.

सर्वांत जास्त गोंधळ 'मॅय' आणि 'दॅय' यांत होतो. 'मॅय' म्हणजे मला किंवा माझा, 'दॅय' म्हणजे तुला किंवा तुझा. 'कान यॅय ता एत बिल्दे आव दॅय?' याचा अर्थ 'मी तुझा फोटो काढू का?' असा होतो. फोन पुढे करून चुकून हे वाक्य बोललात, तर समोरचा बिचारा केस नीट करू लागेल. म्हणून 'दू … मॅय' आणि 'यॅय … दॅय' या जोड्या एकत्र पाठ कराव्यात.

पुढची छोटी वाक्ये फोन हातात दिल्यावर लागतात.

'बारे त्र्युक हॅर' म्हणजे 'फक्त इथे दाबा.'

'कान दू ता एत तिल?' म्हणजे 'अजून एक काढशील का?' पहिल्या फोटोत डोळे मिटलेले असण्याची शक्यता धरून हे वाक्य तयार ठेवावेच.

'स्तोएने' म्हणजे उभा फोटो आणि 'लिग्गेने' म्हणजे आडवा. एवढे एकेक शब्द, हाताच्या खुणेसह, पुरेसे आहेत.

'कान दू फो मे फ्येल्ले?' म्हणजे 'डोंगर आत येईल असे घेशील का?' 'फ्येल्ले'च्या जागी 'फ्यूरेन' म्हटले की फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. मागे एवढे मोठे दृश्य असताना नुसता चेहरा टिपला जाण्याची तक्रार पुष्कळ जण करतात, आणि त्याचे कारण हेच असते की त्यांनी ते आधी सांगितलेले नसते.

फोन कुणाच्या हाती द्यावा, हेही सांगायला हवे. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस फोटो बहुधा चांगला काढतो, आणि मुलाबाळांसह फिरणारे कुटुंब फोन घेऊन पळत नाही. नॉर्वे सुरक्षित देश असला, तरी ओस्लो आणि बर्गनच्या गर्दीत उन्हाळ्यात पाकीटमार असतात.

५. उत्तर काय येईल

होकाराची रूपे अनेक आहेत. 'या', 'क्लाट दे' म्हणजे 'अर्थातच', 'सेल्फ्योल्गेली' म्हणजेही 'अर्थातच', 'दे गोर फीन्त' म्हणजे 'हो, चालेल'. काही जण, विशेषतः उत्तरेकडे आणि त्रोन्हेमभोवतालच्या त्रोन्देलाग भागात, श्वास आत ओढत 'या' म्हणतात. ते दचकल्यासारखे ऐकू येते, पण तो साधा होकार असतो.

नकार 'नॅय, हेल्स्त इक्के' म्हणजे 'नको, शक्यतो नाही' अशा सौम्य शब्दांत येतो. त्यावर कारण विचारू नये, 'ग्रॅय्त, ताक' म्हणजे 'ठीक आहे, धन्यवाद' असे म्हणून पुढे जावे.

फोटो काढणारा 'एन, तू, त्रे' म्हणजे एक, दोन, तीन असे मोजेल, कदाचित 'स्मील!' म्हणजे 'हसा!' असेही म्हणेल. काढून झाल्यावर तो 'ब्ले दे ब्रा?' म्हणजे 'चांगला आला का?' असे विचारतो. त्यावर 'वेल्दी ब्रा!' म्हणजे 'फार छान!' म्हणावे आणि लगेच 'तूसेन ताक' म्हणजे 'हजार धन्यवाद' म्हणावे. 'ताक फोर येल्पेन' म्हणजे 'मदतीबद्दल धन्यवाद' हेही चालते. त्यावर तो 'बारे ह्युग्गेली' म्हणजे 'आनंदच झाला' म्हणतो.

तुम्ही नॉर्वेजियनमध्ये सुरुवात केली की समोरून भरभर नॉर्वेजियनच येते. तेव्हा 'यॅय स्नाक्केर बारे लित नोष्क' म्हणजे 'मला थोडीच नॉर्वेजियन येते' किंवा 'स्नाक्केर दू एङ्गेल्स्क?' म्हणजे 'तुला इंग्रजी येते का?' असे म्हणून मोकळे व्हावे.

बोलीभाषेचा प्रश्नही लक्षात ठेवावा. 'मी' या अर्थी ओस्लोत 'यॅय', बर्गनमध्ये 'एग', तर त्रोन्हेम आणि ट्रोम्सोमध्ये 'ॲ' म्हणतात. बर्गनमध्ये 'र' घशातून येतो, त्यामुळे तिथे वर सांगितलेले मूर्धन्य उच्चारही ऐकू येत नाहीत. तुम्ही एकच रूप बोलावे, पण कानांना तिन्ही रूपांची ओळख असू द्यावी.

मदतीची परतफेड करण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपण होऊन विचारणे: 'स्काल यॅय ता एत बिल्दे आव देरे?' म्हणजे 'मी तुमचा फोटो काढू का?' उत्तर 'या, यॅर्णे!' म्हणजे 'हो, आवडेल!' असे येईल. खरे तर कुठल्याही दृश्यस्थळी हेच वाक्य आधी बोलावे. आपला फोटो काढायला मग कुणी नाही म्हणत नाही.

६. प्रसिद्ध ठिकाणी विनंती कशी बदलते

प्रेकेस्तूलेन हा सपाट माथ्याचा कडा लीसेफ्योर्डवर ६०४ मीटर उंच उभा आहे आणि त्याला कठडा नाही. त्याचा सर्वपरिचित फोटो माथ्यावरून येत नाही, त्यामागच्या उंच खडकावरून येतो. म्हणून वर उभ्या असलेल्या माणसाला 'कान दू ता दे ओवेनफ्रा?' म्हणजे 'तो वरून काढशील का?' असे विचारावे लागते.

त्रोल्तुंगा येथे, म्हणजे रिंगेदालच्या सरोवरावर जिभेसारख्या आडव्या झेपावलेल्या खडकावर, उन्हाळ्यात फोटोसाठी रांग लागते. तिथे फोटो बाजूच्या खडकावरून घ्यावा लागतो, त्यामुळे आपण जिभेवर चालत जाण्याआधीच मागच्या माणसाशी बोलून ठेवावे: 'कान दू ता बिल्दे नोर यॅय स्तोर दॅर ऊते?' म्हणजे 'मी तिथे बाहेर उभा असेन तेव्हा फोटो काढशील का?' एकदा तिकडे गेल्यावर ओरडून सूचना देता येत नाहीत, आणि रांगेतल्या इतरांचा वेळही त्यात जातो.

अशा जागी पुढील तीन इशारे ओळखता येणे फोटोपेक्षा महत्त्वाचे आहे. 'फोषिक्ती!' म्हणजे 'जपून!' 'पास पो कान्तेन!' म्हणजे 'कडेकडे लक्ष दे!' आणि 'इक्के गो लेङ्गेर बाक!' म्हणजे 'आणखी मागे जाऊ नकोस!' फोटो काढणाऱ्याकडे पाहत उलट पावली मागे सरकण्याची सवय आपल्याकडे सिंहगडावरही दिसते; इथे ती अजिबात करू नये. 'स्तोप!' हा शब्द तर कुणालाही कळेल.

म्युर्दाल ते फ्लोम ही २० किलोमीटरची रेल्वे ख्योसफोस्सेन धबधब्याजवळ काही मिनिटे थांबते. सगळे एकदम फलाटावर उतरतात आणि शिंतोडे उडत असतात. तिथे लांब वाक्ये बोलत बसू नये, 'बिल्दे?' म्हणून फोन पुढे केला तरी काम होते.

लोफोतेनमधल्या हाम्नोय आणि रेने येथील लाल लाकडी घरांचे फोटो पुलावरून काढले जातात. त्या पुलावरून वाहने धावत असतात, त्यामुळे रस्त्यात उभे राहून कुणाला फोन देऊ नये. १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत मोकळ्या रानात सर्वांना फिरण्याचा हक्क आहे, पण तो घराभोवतीच्या अंगणाला लागू नाही. कुणाच्या दाराजवळ थांबायचेच असेल तर 'ॲर दे ग्रॅय्त आत वी स्तोर हॅर लित?' म्हणजे 'आम्ही इथे थोडे उभे राहिलो तर चालेल का?' असे विचारावे.

७. दुसऱ्याचा फोटो काढण्याची परवानगी

इथे कायदा आणि शिष्टाचार दोन्ही आहेत. सार्वजनिक जागी फोटो काढणे साधारणपणे मोकळे आहे. मात्र २०१८ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १०४ सांगते की, एखाद्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. चालू आणि सार्वत्रिक महत्त्वाचा प्रसंग, ज्यात व्यक्तीपेक्षा इतर आशय महत्त्वाचा आहे असा फोटो, आणि उघड्यावर जमलेला समुदाय किंवा मिरवणूक, असे काही अपवाद त्यात आहेत. समाजमाध्यमावर टाकणे हेही प्रसिद्ध करणेच. म्हणून दोन वेगळे प्रश्न तयार ठेवावेत.

'ॲर दे ग्रॅय्त आत यॅय तार एत बिल्दे?' म्हणजे 'मी एक फोटो काढला तर चालेल का?'

'ॲर दे ग्रॅय्त आत यॅय लेग्गेर दे ऊत पो इन्स्टाग्राम?' म्हणजे 'तो इन्स्टाग्रामवर टाकला तर चालेल का?' पहिल्याला हो म्हणणारा दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. कुणी हरकत घेतली, तर 'यॅय कान स्लेत्ते दे' म्हणजे 'मी तो पुसून टाकू शकतो' असे म्हणावे आणि त्याच्यासमोरच पुसून टाकावा.

मुलांचा फोटो काढण्याआधी आईवडिलांना विचारावे, आणि तो आंतरजालावर टाकायचा असेल तर नक्कीच. बालवाडीच्या मुलांची पिवळी जाकिटे घातलेली रांग कितीही गोड दिसली, तरी कॅमेरा खाली ठेवावा. पोहण्याच्या तलावांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत फोन बाहेरच काढू नये.

सर्वांत आनंदाने फोटो देणारी माणसे १७ मे या दिवशी भेटतात. १८१४ साली याच दिवशी आयड्स्वोल येथे नॉर्वेची राज्यघटना स्वीकारली गेली, आणि म्हणून या दिवशी गावोगावी मुलांच्या मिरवणुका निघतात. ओस्लोतली मिरवणूक राजवाड्यासमोरून जाते. बायका आणि पुष्कळ पुरुषही 'बूनाद' हा आपापल्या प्रदेशाचा भरतकामाचा पोशाख आणि चांदीचे दागिने घालतात. तो पोशाख महाग असतो, अनेकदा आजीकडून नातीकडे आलेला असतो, आणि त्याचा अभिमानही असतो. आधी 'ग्रातुलेरेर मे दागेन!' म्हणजे 'या दिवसाच्या शुभेच्छा!' म्हणावे, मग 'सो फीन बूनाद! कान यॅय ता एत बिल्दे?' म्हणजे 'किती सुंदर बूनाद! मी फोटो काढू का?' तो कुठल्या भागाचा आहे, हे विचारले तर फोटोसोबत पाच मिनिटांची माहितीही मिळते.

उत्तरेत, काराशोक आणि कौतोकेनो भागात, सामी या तिथल्या आदिवासी लोकांचा पोशाख दिसतो. त्याला उत्तर सामी भाषेत 'गाक्ती' आणि नॉर्वेजियनमध्ये 'कोफ्ते' म्हणतात. तो बहुधा लग्न, दीक्षाविधी किंवा ६ फेब्रुवारीचा सामी राष्ट्रीय दिन अशा प्रसंगी घातला जातो, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरगुती समारंभात डोकावत असता. न विचारता कॅमेरा रोखणे तिथे विशेष खटकते. परवानगी मिळाली, तर नॉर्वेजियन 'ताक'ऐवजी सामी भाषेतला 'गीहतू' हा धन्यवादाचा शब्द वापरून पाहावा.

८. पाट्या आणि आतले फोटो

संग्रहालयात किंवा जुन्या लाकडी स्तावचर्चमध्ये शिरताना दारातच विचारावे: 'ॲर दे लोव ओ ता बिल्देर हॅर?' म्हणजे 'इथे फोटो काढायला परवानगी आहे का?' उत्तरात 'ऊतेन ब्लिट्स' असे ऐकू आले, तर त्याचा अर्थ फ्लॅशशिवाय काढावेत. 'स्तातीव' म्हणजे तिपाई, आणि तिला अनेक ठिकाणी मनाई असते. 'फोटोग्राफेरिंग फोर्बुत' म्हणजे फोटो काढण्यास मनाई. पाटीवर सहसा काट मारलेल्या कॅमेऱ्याचे चित्रही असते. पश्चिमेकडच्या पाट्या पुष्कळदा नीनोष्क या दुसऱ्या लेखी रूपात असतात आणि तिथे 'बिल्दे'च्या जागी 'बिलेते' दिसते. घाबरून जाऊ नये. लष्करी आवाराजवळची मनाई मात्र शब्दशः पाळावी. ड्रोन नेणाऱ्यांना एवढेच सांगतो की विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि एरवीही १२० मीटरची मर्यादा आहे.

९. उत्तर ध्रुवीय प्रकाशाखाली

ट्रोम्सोच्या आसपास हिवाळी रात्री फोटो काढून घेताना विनंतीचे शब्द तेच राहतात, पण सूचना वेगळ्या लागतात. फोटोला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ 'स्तो स्तिल्ले' म्हणजे 'हलू नका'. कुणाचा डोक्यावरचा दिवा चालू असेल, तर सर्वांचे फोटो बिघडतात; 'कान दू स्लो आव ल्यूसे?' म्हणजे 'दिवा बंद करशील का?' हे वाक्य तिथे कुणीही कुणालाही म्हणते आणि कुणी रागावत नाही. फोनचा फ्लॅश स्वतःच बंद करून मग तो दुसऱ्याच्या हातात द्यावा.

१०. फोटो आपल्याकडे मागवणे

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर तुमचा फोटो निघाला असेल, तर 'कान दू सेन्ने दे तिल मॅय?' म्हणजे 'तो मला पाठवशील का?' असे विचारावे. व्हॉट्सॲप तिथे आपल्याइतके सार्वत्रिक नाही, पुष्कळ जण मेसेंजर किंवा स्नॅपचॅट वापरतात, म्हणून ईमेलचा पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला कागद पुढे करणे सर्वांत सोपे पडते. दोघांचेही फोन आयफोन असतील, तर तिथल्या तिथे एअरड्रॉपने घ्यावा. सहलीच्या मार्गदर्शकाने काढलेले फोटो कधी मिळतील, हे बसमधून उतरण्याआधीच विचारून घ्यावे; हॉटेलवर पोचल्यानंतर त्याचा शोध घेणे अवघड जाते.